वेगळ्या काढलेल्या चार सात्या

मुलगा घरामागच्या सांदवाडीत गुडघे टेकून ओकत होता. सून न्हाणीच्या दाराशी आडवी झाली होती आणि तिच्या तोंडातून आता नुसतं पिवळं पाणी येत होतं. म्हातारा, म्हणजे माझा नवरा, खाटेवरून उतरायला गेला तो पुरता उतरलाच नाही. अर्धा वर, अर्धा खाली तसाच लटकून राहिला. मी छपरीतल्या खांबाला पाठ लावून बसले होते. पायांत जोर नव्हता आणि हाक मारावी तर आवाज घशातच राहत होता. सकाळचे साडेसात-आठ झाले असतील. पाऊस धरून होता आणि अख्खं गाव धानाच्या रोवणीला गेलं होतं.

घरात आपल्या पायांवर उभी होती ती एकटी आमची नात. साडेपाच वर्षांची. तिला बोलता येत नव्हतं.

दारापाशी तिची पत्र्याची पेटी भरून ठेवलेली होती. नऊच्या गाडीने तिला चंद्रपूरला न्यायचं होतं, न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत सोडायला. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सणाला घरी यायचं. नवा फ्रॉक घालून ती आमच्याकडे एकेकाकडे बघत होती. आधी बापाकडे, मग आईकडे, मग आजोबाकडे, शेवटी माझ्याकडे. रडत नव्हती. काखेत तिचा बिस्किटांचा जुना डबा होता. मग ती वळली आणि पावसात निघून गेली.

मला वाटलं, भ्याली आणि पळाली. दुसरं काही वाटायला मी तिला तेवढं मानतच नव्हते. ती कोणाकडे जाणार, गेली तर सांगणार काय, आणि सांगितलं तर कळणार कोणाला, एवढंच डोक्यात आलं. आता चौघंही इथेच संपणार, असं धरून मी डोळे मिटले.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या बाजूला आहे. चारी बाजूंनी जंगल, मध्ये धानाच्या बांध्या, आणि थोड्या अंतरावर निर्वासित बंगाली लोकांची वसवलेली गावं. नात झाली तेव्हा सगळं ठीक होतं. वेळेवर बसली, वेळेवर चालली. बोलणं तेवढं आलं नाही. दोन वर्षांची झाली तेव्हा लोक म्हणाले, काही लेकरं उशिरा बोलतात. तीन वर्षांची झाली तेव्हा लोक म्हणायचे थांबले, आणि मी संशय घ्यायला लागले.

पहिला संशय सुनेच्या माहेरावर. तिचा एक मामा तोतरा आहे, हे लग्नाच्या वेळी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरा संशय मोबाइलवर. सून स्वयंपाक करताना पोरीच्या हातात मोबाइल द्यायची आणि पोरगी गप बसायची. गप बसायची सवय लागली की माणूस बोलेल कशाला? तिसरा संशय समोरच्या बंगाली बाईवर होता. तो सगळ्यात मोठा. त्याचं पुढे सांगते.

कानाचा संशय मी आधीच फेडून घेतला होता. पोरीच्या पाठीमागे उभं राहून थाळीवर पळी मारली, ती दचकून वळली. तीनदा केलं, तीनदा वळली. म्हटलं, कान शाबूत आहेत, खोट दुसरीकडे आहे. थाळी ऐकणं आणि बोलणं ऐकणं यांत फरक असतो हे मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांच्याही लक्षात आलं नाही.

म्हातारा या सगळ्याला हसायचा. म्हणायचा, "बुढे, ह्या घरात तूच एवढी बोलते का तिच्या वाट्याले बोलनं उरलंच नाई."

"तुमाले मस्करी सुचते. उद्या तिचं लगन कोन करंन?"

"न बोलनारी बायको भेटली तं लाइन लागंन दारात. मले भेटली असती तं मी बी नाई म्हटलं नसतं."

त्याचं सगळं असंच. पण पोरगी त्याच्या मांडीवर जाऊन बसायची, माझ्या नाही. माझ्या मागे मागे यायची ती कामाला.

कामात ती हुशार होती. पण मी त्याला हुशारी म्हणत नव्हते, खोड म्हणत होते. काहीही हाती लागलं की वेगवेगळं लावून ठेवायची. मोहफुलं वाळत घातली की किडलेली एका बाजूला काढायची. गोट्या, बटणं, चिंचोके, सगळ्यांचे ढीग. कशावरून ढीग लावते हे लवकर कळायचं नाही. एकदा तिने तुरीचे सगळे दाणे दोन ढिगांत लावले. मला दोन्ही ढीग सारखेच दिसले. म्हाताऱ्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, एकीकडचे पोचट आहेत. मी म्हटलं, उगीच. पाण्यात टाकून पाहिले तर ते तरंगले.

विचार करायला शब्द लागतात अशी माझी पक्की समजूत होती. मी चौथी शिकलेली बाई. शाळेत गुरुजी म्हणायचे, मनात वाचा, मग मनातल्या मनात आवाज यायचा. तोच विचार, असं मी धरून चालले. ज्या पोरीला शब्दच नाही तिच्या डोक्यात काय असणार, गुरांसारखी भूक आणि झोप. आता वाटतं, मी स्वतः सुपात तांदूळ निवडते तेव्हा कुठे मनात बोलते? गप्पा शेजारणीशी चालू असतात आणि बोट बरोबर खड्यावर जातं. हे मी रोज करत होते, पण कधी ध्यानात घेतलं नाही.

अंगणवाडीतल्या बाईने आम्हाला तालुक्याच्या तपासणी शिबिरात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पाठीमागून घंटी वाजवली, पोरगी वळली, तिने कागदावर खूण केली. मग टेबलावर रंगीत लाकडी ठोकळे ठेवले आणि हाताने दाखवलं, लाल इकडे, निळे तिकडे. पोरीने ठोकळे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि दोन ढीग लावले. दोन्हीत लाल-निळे मिसळलेले. डॉक्टरिणीने दुसऱ्यांदा करून दाखवलं. पोरीने पुन्हा तसंच लावलं. कागदावर पुन्हा खूण झाली.

मी जवळच उभी होते. एका ढिगातले सगळे ठोकळे कोपऱ्याला टवके उडालेले होते आणि दुसऱ्यातले धड होते. मला दिसलं. मी बोलले नाही. कागदावर लिहिणाऱ्या माणसाला आपण होऊन काही सांगायचं नाही, विचारेल तेवढंच बोलायचं, असं मी जन्मभर वागत आले. आपण एक सांगतो, ते दुसरं लिहितात आणि पुढे तेच आपल्यावर येतं.

मग तिने मला विचारलं, "आजी, हिला काही हवं असलं तर बोट दाखवते का?"

"नाई."

"चंद्र दिसला, पाखरू दिसलं, तर तुम्हाला बोट करून दाखवते?"

"नाई दाखवत."

"कधीच नाही?"

"कधीच नाई म्हटलं ना बाई."

तिने पेन थांबवलं, पोरीकडे पाहिलं, आणि बराच वेळ लिहीत राहिली. त्या एका गोष्टीवर तिचा चेहरा बदलला हे मला कळलं. बाहेर येऊन तिने मुलाला सांगितलं, बुद्धीची वाढ कमी दिसते, चंद्रपूरच्या शाळेत घाला, तिथे अशा न बोलणाऱ्या मुलांना शिकवतात. सून तिथेच रडायला लागली. मला राग आला, पण डॉक्टरिणीच्या बोलण्यात खोटं काही सापडलं नाही. पोरगी बोट दाखवत नव्हती हे खरंच होतं.

पोरगी का दाखवत नव्हती हे डॉक्टरिणीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायचं माझ्या मनातच आलं नाही. आमच्या घरात उगवत्या वस्तूला बोट दाखवत नाहीत. भोपळ्याच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे तर सगळेच मानतात. आम्ही सात्यांच्या बाबतीत त्याहून कडक.

सात्या म्हणजे पावसात वारुळांवर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या, अळंबीच. मटणाला मागे सारतील अशी भाजी होते. वारूळ कुठे आहे हे ज्या बाईला माहीत असतं ती ते कोणाला सांगत नाही. माझ्या सासूने मला दाखवलं ते तिच्या शेवटच्या पावसाळ्यात. तिथे गेलं की बोलायचं नाही, बोट करायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी सात्या येत नाहीत. परत येताना टोपलीवर पळसाची पानं झाकायची, वाटेत कोणी विचारलं तर शेणी आहेत म्हणायचं. नजर लागते आणि जागा फुटते. नात दोन वर्षांची असल्यापासून मी तिला सोबत नेत होते. मुकी आहे, कोणाला सांगणार नाही, म्हणून नेत होते. खरं कारण हेच. पहिल्या वर्षी तिने एकदा बोट पुढे केलं तेव्हा मी त्या बोटावर काडी मारली. पुन्हा केलं, पुन्हा मारली. त्यानंतर तिने कशालाच बोट केलं नाही. चंद्रालाही नाही, पाखरालाही नाही.

आता समोरच्या बंगाली बाईचं. ती लग्न होऊन जवळच्या बंगाली गावात आलेली. नवऱ्याचा मासळीचा टेम्पो आहे म्हणून रस्त्याला लागून असलेलं आमच्या समोरचं घर त्यांनी भाड्याने घेतलं होतं. सकाळी ती दारात बसून मासळी वेगळी करायची. नात गल्ली ओलांडून तिच्याकडे जाऊन बसायची आणि तीही लहान-मोठी मासळी लावू लागायची. बाई तिची हनुवटी धरायची, तोंड आपल्या तोंडासमोर आणायची आणि मोठ्याने म्हणायची, "माछ. माछ. मासळी." एकेक शब्द दहादा. पोरगी तिच्या ओठांकडे टक लावून बघायची.

हे पाहून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. एक भाषा येत नाही आणि ही त्यावर दुसरी ओतते, म्हणूनच पोरगी अडकली. मी जाऊन तोंड सोडलं. "माझ्या नातीले आधीच बोलता येत नाई, त्यात तू आपलं बंगाली काऊन कोंबून राह्यली?"

तिचं मराठी मोडकंतोडकं, अर्धं हिंदी. म्हणाली, "मौशी, मेरेको भी शादी करके इधर आया तो दो साल कुछ नाही आता था. सब हसता था. बाजार में पानी भी हाथ से मांगा."

"तुझं वेगळं हाय. तुले तुझी एक भाषा होती. हिच्याजवळ काय हाय?"

"है मौशी. इसके पास बहुत है. तुम देखता नाही."

हे शेवटचं मला फार लागलं. बाहेरची बाई येऊन मला माझी नात शिकवणार. मी पोरीला ओढत घरी आणलं आणि गल्ली ओलांडायची नाही हे तिला हाताने समजावलं. त्या दिवसापासून ती आमच्या दारात बसायची, बंगालीण तिच्या दारात, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. मी मध्ये उभी राहून दोघींवर लक्ष ठेवायची.

चंद्रपूरला जायच्या आदल्या दिवशी मी दुपारी जंगलात गेले. तिथल्या शाळेत पोरीला सात्या कोण खाऊ घालणार, म्हणून. ती नेहमीसारखी मागे आली. माझं जुनं वारूळ उन्हाळ्यात रस्त्याच्या कामात मशीनने सपाट केलं होतं. म्हणून नाल्यापलीकडे गेले, जिथे मी आधी कधी वेचल्या नव्हत्या. पाऊस चालू होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. तो मी कोणाला सांगितला नव्हता, सांगितला असता तर डोळ्यांच्या शिबिरात नेलं असतं. बऱ्याच सात्या मिळाल्या. मी हाताने चाचपून उपटत गेले. पन्नास वर्षं वेचते आहे, माझ्या बोटांना कळतं, हा गर्व होता.

खायची नसतात त्यांच्या देठाला बांगडीसारखं कडं असतं आणि बुडाला फुटक्या अंड्यासारखी पिशवी. तशी हातात आली की मी मोडते, पायाखाली टाकते आणि हात पदराला पुसते. बोलत नाही. तीन पावसाळे पोरगी हे बघत होती. त्या दिवशी मी एकही मोडली नाही.

घरी आले तेव्हा वीज गेली होती. मी छपरीत बसून सात्या निवडायला घेतल्या. नात समोर बसली आणि तिने परातीतून चार वेगळ्या काढून जमिनीवर ठेवल्या. मी त्या उचलून पुन्हा परातीत टाकल्या. तिने पुन्हा काढल्या. त्याच चार. मी तिच्या हातावर चापट मारली. म्हटलं, आज तरी तुझे ढीग राहू दे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा काढल्या. तेव्हा मी जरा जोरात मारली आणि परात उचलून आत घेऊन गेले. एक तिच्या मुठीत राहिली. ती, आणि परातीतून खाली पडलेली एक चांगली, दोन्ही तिने आपल्या डब्यात ठेवल्या. हे मला तेव्हा दिसलं नाही.

बाकीच्या तीन मी भाजीत चिरल्या. भरपूर लसूण घातला.

जेवताना पोरीने तोंड उघडलं नाही. सुनेने भरवायचा प्रयत्न केला, दात घट्ट मिटले. सून म्हणाली, "हिले समजलं वाटते उद्या जायाचं हाय. म्हनून रुसली."

मी म्हटलं, "नखरे हाय. भूक लागली तं खाईन."

शेवटी ती ताकभात खाऊन झोपली. सुनेला रडण्यामुळे जेवण गेलं नाही, दोन घास खाल्ले. मुलगा पोटभर जेवला. म्हाताऱ्याने भाजी दोनदा मागून घेतली. म्हणाला, "बुढे, आज हात चांगला बसला तुझा." मीच वाढली. मी सगळ्यांच्या मागून बसते, माझ्या वाट्याला थोडीच आली, बाकी तळाची गंजात, म्हणजे पातेल्यात, सकाळसाठी राहिली.

सकाळी जे झालं ते सुरुवातीला सांगितलं. पोरगी बाहेर गेल्यावर काय झालं ते मला बंगालिणीने नंतर सांगितलं. ती वाढवून सांगते असा मला आधी संशय होता, म्हणून मी तिला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तिन्ही वेळा तिने तेच सांगितलं.

पोरगी आधी नुसता डबा घेऊन तिच्या दारात गेली. गल्ली ओलांडायची बंदी मोडून. बंगालीण टेम्पोत खोकी चढवत होती. तिला वाटलं, पोरगी जायच्या आधी भेटायला आली. तिने तिच्या गालाला हात लावला आणि कामाला लागली. पोरीने तिचा पदर ओढला. ती म्हणाली, थांब जरा. पोरगी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग परत घरात आली. मला ते आठवतं, डोळे उघडले तेव्हा माझ्यासमोरून ती चुलीपाशी जात होती. उरलेल्या भाजीचा गंज तिला उचलेना, तेव्हा तिने कडेला धरून ओढत ओढत बाहेर नेला. मी मनात म्हटलं, बघा, हिला भूक लागली.

गंज तिने गल्लीतून ओढत नेऊन बंगालिणीच्या पायाशी ठेवला. बंगालीण हसली. "मौशी ने भेजा? मेरे वास्ते?" आमचं भांडण मिटवायला मी भाजी पाठवली असं तिला वाटलं. तिने वाकून बोट बुडवलं आणि तोंडाकडे नेलं. पोरीने त्या बोटावर फटका मारला. जसा मी तिच्या बोटावर मारायची तसाच. आणि गंज पायाने उलथा केला.

बंगालीण रागावली. मग पोरीने डबा उघडला. त्यातली चांगली साती तिने एका बाजूला ठेवली आणि दुसरी, कड्याची, दुसऱ्या बाजूला. कड्याची हातात घेऊन तोंडाजवळ नेली, खाल्ल्यासारखं केलं, पोट धरलं, ओकल्यासारखं केलं आणि चिखलात आडवी पडली. नवा फ्रॉक घालून. डोळे मिटून तशीच पडून राहिली. मग उठली आणि पुन्हा पडली. चार वेळा. आम्ही घरात चौघं होतो.

बंगालीण गंज, मासळी सगळं तिथेच टाकून धावत आली.

तिच्या नवऱ्याने टेम्पोतली खोकी उतरवली आणि आम्हा चौघांना त्यात घातलं. मासळीच्या वासात आणि बर्फाच्या पाण्यात पडून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने हगवण-ओकारी म्हणून सलाइन लावायला घेतली, पावसाळ्यात असे रोज येतात. बंगालिणीने कड्याची साती त्याच्या टेबलावर ठेवली. तो खुर्चीतून उठला. तासाभरात आम्ही चंद्रपूरच्या वाटेवर होतो. ज्या गाडीने पोरीला जायचं होतं ती सकाळीच निघून गेली होती, पण पोरगी त्या दिवशी चंद्रपूरला पोचलीच. माझ्या उशाशी बसून.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं. म्हातारा उठून बसला, चहा मागितला आणि नर्सबाईला म्हणाला, "मले घरी जाऊ द्या, रोवणी राह्यली." डॉक्टर म्हणाले, थांबा. मला वाटलं, दवाखान्यात मुद्दाम अडकवून ठेवतात. मी मुलाला तसं म्हटलंही. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याचे डोळे पिवळे झाले. नंतर तो भलतंच बडबडायला लागला. त्यातला एकही शब्द आम्हाला कळला नाही.

मुलगा बरा व्हायला महिना लागला. त्या महिन्यात दवाखान्यातल्याच एका बाईने पोरीचे कान मशीनवर तपासले. जाड आवाज तिला ऐकू येत होते. थाळी, घंटी, ढग, कुत्रा. बोलण्यातले बारीक आवाज येत नव्हते. आपण बोलतो ते तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं लागायचं. समोर तोंड धरून मोठ्याने बोललं तर थोडं कळायचं. असं तिच्याशी कोण बोलत होतं ते मला ठाऊक होतं. मी ते तिथे बोलले नाही. घरी आल्यावर मात्र बंगालिणीच्या दारात जाऊन बसले.  तिने सुरी दिली, मी मासळी साफ केली.

न बोलणाऱ्यांच्या शाळेचा कागद मुलाने परत केला. कानाला मशीन लागलं, पोरगी गावच्या शाळेत बसली, वर्षभराने बोलायला लागली. पहिला शब्द कोणता यावरून घरात भांडण आहे. सून म्हणते, आई. मला सुनेचं खरं वाटत नाही. बंगालीण म्हणते, माछ. तिचंही वाटत नाही. मी ऐकलेला पहिला शब्द "नाई" होता, आणि तो मला उद्देशून होता.

ती आठ वर्षांची झाल्यावर मी तिला विचारलं. तोवर थांबले होते, कारण काय ऐकावं लागेल याची खात्री नव्हती. मला वाटत होतं, तिला त्या चार नुसत्या वेगळ्या दिसल्या असतील. टवके उडालेल्या ठोकळ्यांसारख्या. वेगळं ओळखायला डोळे पुरतात. वाईट आहे हे कोणीतरी सांगावं लागतं, आणि मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं.

"त्या दिवशी तुले मालूम होतं का, त्या खायच्या नसतात म्हनून?"

"हाव."

"कसं?"

"तू फेकते ना." आणि तिने हात पोटावर पुसून दाखवला, मी पदराला पुसते तसा.

हेही मी पूर्ण मानत नाही. आठ वर्षांचं लेकरू विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देतं, आणि ही तर तोंडाकडे बघण्यातच वाढलेली. पण तो हात पुसणं मी तिला शिकवलेलं नव्हतं.

गावात आता लोक तिचं कौतुक करतात. चमत्कार म्हणतात. त्यांच्यातल्याच बायका तिला मुकी म्हणून हाकलत होत्या, म्हणून मी त्यांच्या कौतुकाकडे लक्ष देत नाही. मोतीबिंदू काढून घेतला. सात्या वेचायला जाते, नात पुढे असते आणि मी मागे. तिने टाकलेली मी उचलत नाही. टोपली झाकत नाही. वाटेत कोणी विचारलं तर दाखवते.

त्या संध्याकाळी घरात आम्ही पाच जण होतो. भाजी चौघांनी खाल्ली. मुलगा वाचला, सून वाचली, मी वाचले. नातीने खाल्लीच नव्हती. म्हातारा सातव्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यात वारला.